होड्यांच्या शर्यतीतले पासवर्ड: फोंड्यातील एका खेळ-सर्व्हरचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातील फोंडा तालुक्यात तीन भागीदारांची एक लहान नोंदणीकृत संस्था आहे. दुकाने, देवस्थाने आणि लहान हॉटेलांची संकेतस्थळे तयार करणे हा तिचा मुख्य व्यवसाय. त्यातील दोघांनी फावल्या वेळात होड्यांच्या शर्यतीचा एक ऑनलाइन खेळ तयार केला. मांडवी आणि झुवारीच्या पात्रांवर बेतलेले मार्ग, मराठी व कोकणी सूचना, आणि ब्राउझरमधून किंवा अँड्रॉइड फोनवरून आठ जणांना एकाच वेळी भाग घेता येईल अशी शर्यत, असे त्याचे स्वरूप होते. खेळात पैशांचा कसलाही व्यवहार नव्हता. जिंकलेल्या गुणांवर होडीचे रंग आणि शिडे मिळत, एवढेच. खेळाडू बहुतांशी फोंडा, डिचोली, साखळी आणि पेडणे भागांतील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी होते.

तांत्रिक रचना साधी होती. नोड जेएसवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) चालणारा एकच सर्व्हर प्रोग्राम खेळाडूंचे लॉगिनही पाहत असे आणि शर्यतही चालवत असे. प्रत्येक होडीची जागा तो सेकंदाला वीस वेळा मोजून सर्व खेळाडूंना कळवत असे. खात्यांची माहिती मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये होती आणि पासवर्ड एमडी५ या पद्धतीच्या हॅशच्या रूपात (हॅश म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा), सॉल्ट (प्रत्येक खात्यासाठी मिसळायचा वेगळा यादृच्छिक मजकूर) न वापरता, साठवलेले होते.

या प्रकरणात सुरक्षेची तपासणी करण्यासाठी मला बोलावण्यात आले होते. संस्थेच्या संमतीने, ओळख पटेल असा तपशील वगळून हे टिपण लिहिले आहे.

अडचण कशी लक्षात आली

संस्थेत शिकाऊ म्हणून आलेल्या एका विद्यार्थिनीला खात्यांची यादी तपासून दुबार नोंदी काढण्याचे काम दिले होते. तिने पासवर्डच्या रकान्यावर क्रम लावला, तेव्हा बत्तीस अक्षरांची एकच ओळ कित्येक खात्यांपुढे एकाखाली एक आली. तिने ती उचलून शोधयंत्रात टाकली आणि पहिल्याच निकालात मूळ पासवर्ड समोर आला. “दादा, हे कुलूप नव्हेच, हे नुसते टोपणनाव आहे,” असे तिने सर्व्हर सांभाळणाऱ्या भागीदाराला सांगितले. तिचे हे निदान अचूक होते. सॉल्ट नसल्याने समान पासवर्डांचे हॅशही समान येतात, आणि प्रचलित शब्दांचे एमडी५ हॅश आधीच मोजून ठेवलेले असल्याने ते फोडावेही लागत नाहीत, नुसते शोधून काढावे लागतात.

एमडी५ची रचना १९९२ साली प्रसिद्ध झाली. ती मोठ्या मजकुराचा ठसा झटपट काढण्यासाठी होती आणि हा वेगच पासवर्डच्या बाबतीत घातक ठरतो, कारण आजचे एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एमडी५ मोजू शकते. २००४ साली या पद्धतीत टक्कर दाखवून देण्यात आली, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश काढता आला. त्याची चर्चा फार होते. परंतु पासवर्डच्या साठवणीत खरा दोष टक्करीचा नसून वेगाचा आहे. हे न समजल्यामुळे अनेक जण एमडी५ काढून एसएचए-२५६ ही दुसरी हॅश पद्धत बसवतात आणि काम झाले असे मानतात. तोही वेगवानच आहे.

तपासणी पुढे नेताना अधिक गंभीर गोष्ट सापडली. डेटाबेसचा एक बॅकअप संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये राहून गेला होता, आणि सर्व्हरच्या नोंदवहीत एका अनोळखी पत्त्यावरून ती फाइल पूर्ण उतरवून घेतल्याची नोंद होती.

पहिला निर्णय: माहिती फुटली असे मानायचे का

येथे भागीदारांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे असे की, तो एखाद्या शोधयंत्राचा स्वयंचलित फेरफटका असू शकतो आणि उगाच खेळाडूंना घाबरवणे बरोबर नाही. दुसरीचे म्हणणे असे की, फाइल पूर्ण गेली असेल तर ती कोणाकडे गेली यावर आपला ताबा उरलेला नाही. मी दुसऱ्या मताच्या बाजूने बोललो. मुलांची खाती होती, आणि मुले एकच पासवर्ड खेळाला, ईमेलला आणि समाजमाध्यमांना वापरतात. होडीचा रंग चोरीला गेला तर फारसे बिघडत नाही. परंतु त्याच पासवर्डने एखाद्या मुलीचे ईमेल खाते उघडले गेले तर त्याची भरपाई कोणत्याही सॉफ्टवेअरने होत नाही. २००९ साली रॉकयू या खेळ आणि अ‍ॅप पुरवणाऱ्या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड साध्या मजकुरात फुटले, आणि ती यादी आजही पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हाताशी असते. खेळाचे पासवर्ड क्षुल्लक असतात हा समज टिकू नये, एवढे हे एक उदाहरण पुरेसे आहे.

शेवटी माहिती फुटली असेच गृहीत धरायचे ठरले. सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. भागीदारांनी ती मुदत पाळली. खेळाडूंना मराठी, कोकणी आणि इंग्रजीत स्पष्ट सूचना गेली: काय गेले, काय गेले नाही, आणि हाच पासवर्ड इतरत्र असेल तर तो आधी तिथे बदला. सूचनेच्या मसुद्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ हे शब्द होते, ते काढून टाकण्यात आले. ज्याला काही करायचे आहे, त्याला कारण कळायला हवे.

साठवणीचे पर्याय

पासवर्ड साठवूच नयेत, हा पहिला पर्याय होता. फोनवर एकवेळ संकेतांक (ओटीपी) पाठवावा किंवा गूगलच्या खात्याने प्रवेश द्यावा. संकेतांकाचा खर्च दर संदेशामागे येतो आणि असे संदेश पाठवण्यासाठी दूरसंचार कंपन्यांच्या प्रणालीत नोंदणी लागते. शिवाय लहान मुलांच्या हातात बहुधा आईचा किंवा आजोबांचा फोन असतो. गूगलचा प्रवेश ऐच्छिक म्हणून ठेवायचे ठरले, पण केवळ त्यावर भिस्त ठेवणे मान्य झाले नाही.

दुसरी सूचना अशी होती की, फोनमध्येच पासवर्डचा हॅश काढावा आणि सर्व्हरला तो हॅश पाठवावा, म्हणजे मूळ पासवर्ड सर्व्हरला कधीच कळणार नाही. ही सूचना ऐकायला सुरक्षित वाटते आणि ती जवळजवळ प्रत्येक नवख्या गटाकडून येते, म्हणून तिच्यावर थोडे थांबावेसे वाटते. सर्व्हर जर आलेला हॅश साठवलेल्या हॅशशी जुळवून दार उघडत असेल, तर तो हॅश हाच पासवर्ड झाला. डेटाबेस चोरणाऱ्याला काहीही फोडावे लागत नाही. चोरलेली ओळ जशीच्या तशी पाठवली की प्रवेश मिळतो. वाटेतल्या चोरीपासून संरक्षण हे टीएलएसचे, म्हणजे जोडणी कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीचे, काम आहे आणि साठवणीतल्या चोरीपासून संरक्षण हे सर्व्हरवरील संथ हॅशचे. एकाचे काम दुसऱ्याकडे देता येत नाही.

उरला तो योग्य मार्ग: प्रत्येक खात्याला स्वतंत्र सॉल्ट देणारी आणि मुद्दाम संथ केलेली पद्धत. १९९९ साली मांडली गेलेली बीक्रिप्ट, २००९ची एसक्रिप्ट आणि २०१५ साली पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत निवडली गेलेली आर्गॉन२, या तीन पद्धती विचारात होत्या. बीक्रिप्टमध्ये खर्चाचा आकडा एकाने वाढवला की काम दुप्पट होते. आर्गॉन२ केवळ वेळच नव्हे तर स्मृतीही खर्च करायला लावते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर एकाच वेळी हजारो प्रयत्न करणे महाग पडते. भागीदारांनी घाईत, हाताशी होती म्हणून, बीक्रिप्ट निवडली आणि ती चालू नोड जेएस प्रोग्राममध्येच बसवली.

चवथीची संध्याकाळ

बदल बसवल्यानंतर काही दिवस सर्व सुरळीत चालले. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुटीत मुले घरी होती आणि खेळणाऱ्यांची संख्या वाढली. एका पावसाळी संध्याकाळी फोंड्याच्या काही भागांत वीज गेली. घरोघरचे वायफाय बंद पडले, फोन मोबाइल डेटावर गेले आणि तुटलेल्या जोडण्या पुन्हा जुळवण्यासाठी अ‍ॅपने आपोआप लॉगिन केले. त्याच क्षणी, वीज न गेलेल्या गावांतल्या मुलांच्याही होड्या जागच्या जागी थांबल्या.

कारण शोधायला वेळ लागला नाही. त्यांनी वापरलेली बीक्रिप्ट लायब्ररी संपूर्ण जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती आणि ती समकालिक पद्धतीने, म्हणजे तिचे उत्तर येईपर्यंत बाकी सर्व थांबवून, बोलावली जात होती. नोड जेएसमध्ये आपला सर्व कोड एकाच इव्हेंट लूपवर, म्हणजे एकाच धाग्यावर, एका वेळी एकच काम अशा क्रमाने चालतो. खर्च १२ ठेवल्यावर त्यांच्या यंत्रावर एका पासवर्डला सुमारे पाव सेकंद लागत असे. होड्यांच्या जागा मोजण्याची एक फेरी ५० मिलिसेकंदांची, म्हणजे एका लॉगिनमागे पाच फेऱ्या बुडत. चाळीस जण एकदम परत आले की पाव सेकंदाच्या हिशेबाने दहा सेकंद सर्व्हर दुसरे काहीच करू शकत नसे. त्यातच दहा सेकंद उत्तर न आल्याने इतरांच्याही जोडण्या तुटल्या, त्यांच्या अ‍ॅपनेही लॉगिन सुरू केले, आणि रांग लांबतच गेली.

तातडीचा उपाय म्हणून एका भागीदाराने बीक्रिप्टचा खर्च १२ वरून ६ वर आणण्याचे सुचवले. त्यामुळे काम ६४ पटींनी हलके झाले असते, आणि चोराचेही तितकेच. ही सूचना दुसऱ्या भागीदाराने नाकारली. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय मला हाच वाटतो, कारण त्या रात्री तक्रारींचा पाऊस चालू होता आणि सोपा मार्ग एका आकड्याच्या अंतरावर होता. त्याऐवजी त्या रात्रीपुरते नवे लॉगिन एका वेळी एक असे रांगेत घेतले गेले आणि खेळाडूंना थांबण्याची सूचना दिसू लागली.

भाषेचा प्रश्न

या घटनेनंतर चर्चा प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेकडे वळली. सर्व्हर सांभाळणाऱ्याचे मत असे झाले की नोड जेएस हीच चूक होती आणि सगळे गो किंवा रस्टमध्ये नव्याने लिहावे. कार्यालयात जावावर काम करणाऱ्या तिसऱ्या भागीदाराला जावा हवी होती. गोच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते: गोरूटिन नावाची हलकी समांतर कामे प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर आपोआप वाटली जातात, तयार प्रोग्राम एकाच फाइलमध्ये मिळतो, आणि बीक्रिप्टची जपलेली लायब्ररी उपलब्ध आहे. रस्टचा वेग आणि स्मृतीची शिस्त वादातीत आहे, पण गटात ती कोणालाही येत नव्हती.

मी त्यांना प्रश्नाची फोड करायला सांगितले. शर्यत चालवणे हे सतत चालणारे, सूक्ष्म विलंबानेही बिघडणारे काम आहे. पासवर्ड तपासणे हे क्वचित होणारे आणि मुद्दाम जड ठेवलेले काम आहे. ही दोन कामे एका प्रोग्राममध्ये ठेवली तर भाषा बदलूनही ती एकमेकांच्या पायात येतील, फक्त थोड्या उशिरा. ती वेगळी केली तर शर्यतीसाठी नोड जेएस चालू शकतो, आणि लॉगिनसाठी दोनच निकष उरतात: पासवर्ड हॅशची खात्रीशीर सोय भाषेत आहे का, आणि पुढची पाच वर्षे ते सांभाळणाऱ्या व्यक्तीला ती भाषा नीट येते का.

या निकषांवर पीएचपी निवडली गेली. संकेतस्थळांचे काम पाहणारी भागीदार पीएचपीत रोज काम करत होती. २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून या भाषेत पासवर्डचा हॅश काढणारी आणि तपासणारी फंक्शने अंगभूत आहेत; सॉल्ट ती स्वतःच तयार करतात आणि पद्धतीचे व खर्चाचे तपशील हॅशमध्येच नोंदवतात, त्यामुळे पुढे खर्च वाढवणे सोपे जाते. शिवाय पीएचपीच्या रचनेत प्रत्येक विनंती वेगळ्या प्रक्रियेत चालते. एकाचा हॅश मोजला जात असताना दुसरा अडत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला ही निवड जुनाट वाटली आणि त्याने तसे नोंदवूनही ठेवले. नोड जेएसमध्येही हे काम वेगळ्या धाग्यावर देता आले असते, हे खरे आहे. पण त्या धाग्यांचा मूळ साठा चारच असतो आणि फाइल वाचणे, संकेतस्थळांचे पत्ते शोधणे ही कामेही त्यातूनच होतात.

प्रत्यक्ष काम

लॉगिनची सेवा वेगळ्या लहान यंत्रावर हलवण्यात आली आणि या वेळी आर्गॉन२चा आर्गॉन२आयडी हा प्रकार निवडला गेला. पीएचपीचे मूळ मूल्य प्रत्येक हॅशला ६४ मेबीबाइट (मेगाबाइटहून किंचित मोठे एकक) स्मृती घेते. दहा प्रक्रिया एकदम चालल्या तर ६४० मेबीबाइट, आणि यंत्रात एकूण स्मृती एक गिगाबाइट. म्हणून ओवास्प या सुरक्षा संघटनेच्या किमान शिफारशीप्रमाणे १९ मेबीबाइट आणि दोन फेऱ्या ठेवल्या. दहा प्रक्रियांना मिळून १९० मेबीबाइट पुरतात. आकडे आंधळेपणाने न उचलता यंत्राच्या स्मृतीशी ताडून पाहिले, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

लॉगिननंतर खेळाडूला ३२ बाइटांचे यादृच्छिक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी खूण, मिळू लागले. वीज गेली, जोडणी तुटली, तरी अ‍ॅप पासवर्ड न पाठवता टोकन पाठवते. डेटाबेसमध्ये टोकनाचा एसएचए-२५६ हॅश ठेवला जातो. येथे वेगवान हॅश चालतो, कारण टोकन माणसाने सुचवलेले नसते आणि अंदाजाने ते सापडणे अशक्यप्राय असते. फोनमध्ये साठवलेला पासवर्ड अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीने पुसून टाकला.

ज्यांचे हॅश अजून एमडी५चेच होते अशा जुन्या खात्यांचा प्रश्न नाजूक होता. सर्व जुने एमडी५ हॅश त्याच दिवशी आर्गॉन२आयडीच्या आवरणात घालण्यात आले, म्हणजे एमडी५ हॅशचाच पुन्हा आर्गॉन२आयडीने हॅश काढला गेला आणि डेटाबेसमध्ये उघडा एमडी५ उरला नाही. पण आवरण पुढच्या चोरीपासून वाचवते, झालेल्या चोरीपासून नाही. ज्यांचा ईमेल पत्ता पडताळलेला होता त्यांना नवा पासवर्ड घेण्यासाठी दुवा पाठवला. अनेक मुलांनी मात्र नोंदणीच्या वेळी मनाला येईल तो ईमेल लिहिला होता. त्यांना जुन्या पासवर्डने एकदाच प्रवेश देऊन लगेच नवा घ्यायला लावायचे, असा निर्णय झाला. त्या एका प्रवेशाचा लाभ चोरालाही घेता आला असता. पैशांचा व्यवहार नाही म्हणून हा धोका पत्करण्यात आला. मला तो निर्णय पूर्णपणे पटलेला नाही. शाळेतील ओळखीच्या मुलांकडून होणारी खोडी हाही धोका असतो, आणि मुलांना तो फार लागतो.

नव्या पासवर्डांसाठी किमान लांबी ठेवली. एक मोठे अक्षर, एक चिन्ह अशा सक्ती काढून टाकल्या आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याची अटही घातली नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २०१७ सालीच या दोन्ही सवयींविरुद्ध सल्ला दिला होता. त्याऐवजी फुटलेल्या पासवर्डांच्या सार्वजनिक यादीशी तपासणी सुरू केली. त्यात हॅशची पहिली पाचच अक्षरे बाहेर पाठवली जातात, पासवर्ड नाही. शिवाय गावाचे नाव आणि जन्मवर्ष, देवाचे नाव आणि १२३, अशा स्थानिक जोड्यांची एक यादी विद्यार्थिनीने तयार केली. बाहेरच्या याद्यांत अशा जोड्या क्वचितच आल्या असत्या.

देवनागरी पासवर्डचा गुंता

डिचोलीच्या एका खेळाडूने कळवले की घरच्या संगणकावरून प्रवेश होतो, फोनवरून होत नाही. त्याचा पासवर्ड म्हणजे देवनागरीत लिहिलेली एक लांब ओळ होती आणि त्यात ‘दऱ्या’ हा शब्द होता. हा चंद्रकोरी रफार दोन प्रकारे साठवला जातो: काही कळफलक नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात, तर काही साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, बाइट वेगळे असतात, आणि हॅश बाइटांचा होतो. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही हे दोन प्रकार एक होत नाहीत, म्हणून सामान्यीकरणानंतर या जोडीसाठी वेगळा नियम लिहावा लागला.

याच तपासात बीक्रिप्टच्या दिवसांतला आणखी एक दोष उघड झाला. ती पद्धत पहिले ७२ बाइटच विचारात घेते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने चोवीस चिन्हांनंतरचा मजकूर त्या लायब्ररीने गुपचूप सोडून दिला होता. काना, मात्रा, हलन्त ही सर्व वेगळी चिन्हे धरली जातात, तेव्हा चोवीस चिन्हे म्हणजे तीन-चार शब्द. आर्गॉन२आयडीत ही मर्यादा आड येत नाही.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात वीज गेल्यावर जोडण्या तुटल्या, पण शर्यती थांबल्या नाहीत. लॉगिनच्या यंत्रावर गर्दी झाली की नव्याने येणाऱ्याला क्षणभर वाट पाहावी लागते, आणि आत असलेल्याला ते जाणवतही नाही. सूचना मिळाल्यावर काही खेळाडू खेळ सोडून गेले. काही पालकांनी फोन करून रागही व्यक्त केला आणि तो रास्त होता. गोमध्ये सर्व लिहिण्याची योजना बाजूला पडली; मात्र शर्यतींची संख्या वाढल्यास शर्यतीचा भाग तेवढा गोमध्ये नेण्याचा विचार त्यांनी खुला ठेवला आहे, आणि लॉगिन वेगळे झाल्याने आता तो बदल स्वतंत्रपणे करता येईल.

काय वेगळे करता आले असते

बीक्रिप्ट बसवण्यापूर्वी एकदम चाळीस लॉगिन पाठवून चाचणी घेतली असती, तर चवथीचा प्रसंग टळला असता. अशी चाचणी लिहिणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. संथ हॅश बसवताना तो किती संथ आहे आणि ते ओझे कोणाच्या डोक्यावर पडणार आहे, हे दोन्ही मोजायला हवे होते.

बॅकअपची जागा हा त्याहून जुना प्रश्न. बॅकअप कूटबद्ध करून वेगळ्या खात्यात ठेवला असता, तर हॅश कच्चे असूनही बाहेर गेले नसते.

तिसरी गोष्ट मी शेवटच्या बैठकीत मांडली. नोंदणीच्या अर्जात जन्मतारीख आणि शाळेचे नाव विचारले जात होते. खेळाला त्याचा काहीच उपयोग नव्हता, आणि दोन्ही त्या फुटलेल्या बॅकअपमध्ये होते. पासवर्ड बदलता येतो, जन्मतारीख बदलता येत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती मागतो, ती घेण्याची सोय या खेळात नव्हती. भागीदारांनी दोन्ही रकाने अर्जातून आणि डेटाबेसमधून काढून टाकले. वर्षभरात एकदाही न उघडलेल्या, आवरणात ठेवलेल्या जुन्या खात्यांचे काय करायचे यावर मात्र त्यांचे एकमत झालेले नाही: एकाला ती जपायची आहेत, कारण मुले सुटीत परत येतात, आणि दुसरीला ती पुसायची आहेत.